मोकळा गळा

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक बाई नव्याने रुजू झाल्या. आईवडील केरळातून गोव्यात आलेले, बाईंचा जन्म मात्र इथलाच. अंगावर फिकी सुती साडी, कोपरापर्यंत पोलके, कान-हात-गळा सगळे मोकळे. संक्रांतीला सेक्शनमधल्या बायकांनी हळदीकुंकू ठरवले. यादी मी लिहीत होतो. "त्यांना नको बोलावू, उगाच वाईट वाटेल," असे मीच म्हटले. आठवड्याभराने त्यांचे यजमान स्कूटर घेऊन त्यांना न्यायला आले आणि मी खजील झालो.

माफी मागितली तेव्हा त्या हसल्या. "बोलावले असते तरी मी आले नसते. आम्ही पेंतेकोस्त. माझ्या आजीने बाप्तिस्म्याच्या दिवशी स्वतःच्या हाताने मिन्नू उतरवून ठेवला."

मिन्नू म्हणजे केरळातल्या सिरियन ख्रिस्ती बायकांचे मंगळसूत्रच. लग्नात नवरा बांधतो ते पिंपळपानाएवढे नव्हे, नखाएवढे सोन्याचे पान, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस. तो उतरवणे सोपे नसणार. हे कुठून आले म्हणून मी वाचायला घेतले.

मूळ इंग्लंडात सापडते. अठराव्या शतकात जॉन वेस्ली सांगत असे की दागिन्यांवर खर्चलेला पैसा हा गरिबाच्या तोंडचा घास आहे. त्याच्या मेथडिस्ट पंथातून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'पवित्रता' चळवळ उभी राहिली. पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणजे आपले शरीर, ते सजवायचे ते सौम्यतेने, सोन्याने नव्हे, असे ते बायबलाच्या आधारे सांगत. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांतून पेंतेकोस्त पंथ जगभर पसरला, त्याच्याबरोबर ही शिस्तही गेली. त्याच्या एक वर्ष आधी, १९०५ मध्ये, आपल्या पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात मुलींमध्ये असेच 'जागरण' झाले होते. विधवा रमाबाई साध्या पांढऱ्या साडीत वावरत. समाजाने अशुभ ठरवलेला तो वेश तिथे सेवेचा झाला.

केरळात के. ई. अब्राहम यांच्यासारख्या सिरियन ख्रिस्ती घरातल्या माणसांनी १९२०च्या दशकात देशी पेंतेकोस्त मंडळ्या उभारल्या. याच त्रावणकोर संस्थानात नाडर बायकांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे झगडावे लागले होते. १८५९ मध्ये परवानगी मिळाली तीही 'वरच्या जातीसारखे वस्त्र घ्यायचे नाही' या अटीवर. जिथे वस्त्र आणि सोने पाहून माणसाची जात-पत ठरे, तिथे सभेत सगळ्यांनी बिनदागिन्यांचे, पांढऱ्या कपड्यांत बसणे याला काय अर्थ असेल, याची कल्पना करावी. अर्थात सोने अंगावरून गेले म्हणून हुंडा गेला असे मात्र झाले नाही.

आम्हा गोंयकारांना कपड्यांवरचा हुकूम नवा नाही. अ. का. प्रियोळकरांचे इन्क्विझिशनवरचे पुस्तक ज्यांनी वाचले त्यांना १७३६चे फर्मान आठवेल. बाटलेल्यांनी पुडवे नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. तिथे धर्म कपड्यावरून ओळखायचा होता आणि ठरवणारा सत्ताधीश होता. आमच्या घरी माझ्या आत्येचे मंगळसूत्र काढले तेव्हा ठरवणारी भावकी होती. आत्येला कुणी विचारले नव्हते. म्हणूनच मोकळा गळा पाहिला की आम्हाला दुसरे काही सुचत नाही.

बाईंच्या आजीने मात्र स्वतः ठरवले. मला वाटते, त्या कृतीतली पवित्रता सोने नसण्यात नव्हती, तर उतरवणारा हात तिचा होता यात होती.

हे मी बाईंना बोलून दाखवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मुलीला कॉलेजात कानात बारीकसे मोती घालायचे आहेत. पास्टर नको म्हणतात. आजीजवळ उतरवायला काहीतरी होते. माझ्या मुलीजवळ काय आहे?"

शहरांतल्या नव्या मंडळ्यांत हे नियम आता सैल होत आहेत, जुन्यांत कडक आहेत. मोत्यांचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. पण त्यानंतर हळदीकुंकवाची यादी लिहिताना मी कुणाचा गळा पाहत नाही. सगळ्यांना विचारतो, यायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.