वातावरणातला ‘हॉट ऑक्सिजन’ : वेग येतो कुठून?

जमिनीपासून 300 किलोमीटर उंचीवर हवा अगदी विरळ. तिथे ऑक्सिजन जोडीने नाही, तर बहुतेक सुट्या अणूंच्या रूपात असतो. हे अणू साधारण सेकंदाला सव्वा किलोमीटर वेगाने फिरतात. काही अणू मात्र याच्या चार-पाच पट वेगाने सुसाट सुटतात. त्यांनाच शास्त्रज्ञ ‘हॉट ऑक्सिजन’ म्हणतात.

हा वेग रासायनिक क्रियेतून येतो. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि धनभारित रेणू तयार होतात. पुढे अशा ऑक्सिजन रेणूला इलेक्ट्रॉन परत भेटला की रेणू फुटतो. साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि दोन अणू विरुद्ध दिशांना फेकले जातात. वेग सेकंदाला साडेसहा किलोमीटरपर्यंत. धनभारित नायट्रिक ऑक्साइड फुटल्यावरही असेच वेगवान अणू मिळतात. शिवाय उत्तेजित नायट्रोजन अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळला, तरी ऊर्जावान ऑक्सिजन अणू सुटतो.

मग आपला ऑक्सिजन असा उडून जातो का? या वाटेने नाही. पृथ्वी सोडायला तिथे सेकंदाला जवळपास 11 किलोमीटर वेग लागतो. त्यामुळे काही अणू उंच जाऊन परत खाली येतात, तर बाकीचे धडका देत आजूबाजूची हवा तापवतात.

मंगळावर मात्र जेमतेम 5 किलोमीटर वेग पुरतो. तिथे हीच क्रिया ऑक्सिजन कायमचा अवकाशात घालवते. मंगळ कोरडा का पडला, याच्या उत्तरात या गळतीचाही वाटा आहे. ‘नासा’चे मेवन यान 2014 मध्ये मंगळावर पोहोचले, ते अशाच गळतीचा हिशेब मांडायला.