काकांच्या पद्मिनीचे मागचे शॉकअप

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथचं दुकान आहे. वडिलांनंतर ते मी चालवतो. काकांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या पावसाळ्याआधी ती मी उतरवायला घेतली. इंजिनाचं काम सरळ निघालं. मागच्या शॉकअपनी मात्र मला दोन महिने अडकवलं आणि त्या दोन महिन्यांत ही गाडी मला खऱ्या अर्थानं कळली.

गाडीचा मूळ आराखडा इटलीतल्या फियाट 1100 चा. 1944 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि काही वर्षांनी कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट जोडल्या जाऊ लागल्या. पन्नासच्या दशकातल्या गोल नाकाच्या मॉडेलला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. 1964 मध्ये ‘डिलाइट’ आली. पुढे फियाट हे नाव गेलं, ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आलं आणि 1974 पासून ‘पद्मिनी’. नावं बदलत गेली, मागची रचना तीच राहिली: अखंड एक्सल, त्याखाली कमानदार पाटे आणि दोन्ही बाजूंना एकेक तेलाचा शॉकअप.

शॉकअप धक्का खातो असं सगळे म्हणतात. धक्का खातो तो पाटा. पण खाल्लेला धक्का तो परत फेकतो, आणि गाडी खड्डा ओलांडून गेली तरी डुलत राहते. पाट्यांची पानं एकमेकांवर घासून थोडं डुलणं मरतं, पण तेवढ्यानं भागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत यासाठी एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या बसवत. तेलाचे शॉकअप आले आणि हळूहळू त्या मागे पडल्या. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं. तेल त्या भोकांतून रेटलं जातं आणि डुलण्याचा जोर उष्णता होऊन निघून जातो. 1961 मध्ये मुलुंडला गॅब्रिएलचा कारखाना निघाला आणि शॉकअप आपल्याकडेच बनू लागले.

तरी नवा शॉकअप घेणं प्रत्येकाला परवडायचं नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतले मिस्त्री शॉकअप कापून उघडत. सील बदलायचं, घासलेला रॉड पॉलिश करायचा, तेल भरायचं, पुन्हा वेल्डिंग. वडील त्यांच्यासाठी शॉकअपच्या कडीत बसणारे बुश काढून द्यायचे. ही कामं कुठल्याही पुस्तकात नोंदलेली नाहीत, पण पद्मिनी इतकी वर्षं रस्त्यावर टिकली ती या गल्ल्यांमुळेच, असं मी ठामपणे म्हणेन.

काकांच्या गाडीचा डावा शॉकअप काढला तेव्हा नळी तेलानं काळी पडली होती, त्यावर धुळीचा थर. खालच्या कडीतला बुश हातात घेतला तर तो दुकानातला नव्हताच. टायरचं रबर कापून लेथवर गोल केलेलं. कडेला टायरच्या दोऱ्यांची टोकं दिसत होती. हत्याराच्या रेघा सारख्या अंतरावर, हात सफाईदार. कुणी केलं असेल ते कळायला मार्ग नाही. तो बुश मी डब्यात ठेवून दिला.

नवी जोडी आणली. तेलाचा शॉकअप आडवा पडून राहिला की आत हवा शिरते, म्हणून उभा धरून सात-आठ वेळा दाबायचा, ओढायचा. दाबताना हलका, ओढताना जड लागला पाहिजे, आणि मध्ये कुठंही रिकामा जाता कामा नये. इथपर्यंत मी बरोबर होतो. चूक पुढं झाली. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळत होती आणि तशातच मी सगळे नट पूर्ण आवळले. तीन आठवड्यांत मागून करकर सुरू झाली. उघडून बघितलं तर नवी रबरं फाटलेली.

शेजारचे म्हातारे मिस्त्री, वडिलांच्या वेळचे, खाली वाकले आणि बुशवर बोट ठेवून म्हणाले, “बाळ, गाडीला आधी खाली बसू दे. मग आवळ.”

रबर घसरत नाही, पिळतं. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. दुसऱ्या वेळी नट हातानं लावले, घोड्या काढल्या, डिकीत दोन माणसं बसवून गाडी चार वेळा हलवली, आणि चाकांवर वजन असतानाच खाली झोपून पाना लावला.

रविवारी काकांना घेऊन जोतिबाला गेलो. डोंगर उतरून आल्यावर त्यांना चहा सांगितला आणि गाडीखाली हात घातला. डावा कोमट होता. उजवाही तेवढाच.