ग्रेनफेल टॉवर आगीनंतरच्या घडामोडी

लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागातील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये १८ मुले होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील निवासी इमारतीत लागलेली ही सर्वांत प्राणघातक आग मानली जाते. प्रस्तुत लेख प्रत्यक्ष आगीपेक्षा तिच्या नंतरच्या काळाविषयी आहे. मृतांची मोजदाद, बेघर झालेल्या कुटुंबांचे पुनर्वसन, सार्वजनिक चौकशी, इमारत सुरक्षेच्या कायद्यांतील बदल आणि लांबत गेलेली फौजदारी कारवाई हे त्याचे मुख्य विषय होत.

पार्श्वभूमी

ग्रेनफेल टॉवरचे बांधकाम १९७४ साली पूर्ण झाले. इमारत केन्सिंग्टन आणि चेल्सी या बरोच्या कौन्सिलच्या मालकीची होती आणि तिचे व्यवस्थापन कौन्सिलने नेमलेल्या भाडेकरू व्यवस्थापन संस्थेकडे होते. केन्सिंग्टन हा ब्रिटनमधील अतिश्रीमंत वस्तीचा भाग. परंतु ग्रेनफेलमध्ये प्रामुख्याने कष्टकरी कुटुंबे राहत आणि त्यांपैकी अनेक स्थलांतरित होती. संपूर्ण इमारतीला एकच जिना होता.

२०१६ साली पूर्ण झालेल्या नूतनीकरणात इमारतीच्या बाहेरील भिंतींवर उष्णतारोधक फेस आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या संमिश्र पत्र्यांचे आच्छादन बसवण्यात आले. या पत्र्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील घटनांचा उलगडा होत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा गाभा भरलेला होता, आणि पॉलिएथिलीन हा सहज पेट घेणारा पदार्थ आहे. मूळ आराखड्यात जस्ताचे आच्छादन सुचवलेले होते. त्याऐवजी हे पत्रे निवडल्याने सुमारे २,९३,००० पौंडांची बचत झाली. आगीनंतर या आकड्याची वारंवार आठवण काढली गेली.

आग चौथ्या मजल्यावरील एका सदनिकेतील शीतकपाटात लागली. अग्निशमन दलाला पहिला दूरध्वनी १२ वाजून ५४ मिनिटांनी गेला. खिडकीच्या चौकटीतून ज्वाला बाहेरच्या आच्छादनापर्यंत पोहोचल्या आणि त्यानंतर जेमतेम वीस मिनिटांत त्या माथ्यावर गेल्या. रहिवाशांना मात्र आपापल्या घरातच थांबण्याची सूचना दिली जात होती. आग एका सदनिकेबाहेर पसरत नाही, या गृहीतकावर ती सूचना आधारलेली होती. ती २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेण्यात आली. तोवर अनेकांसाठी जिन्याचा मार्ग धुराने बंद झाला होता. ज्या घरात आग सुरू झाली तेथील रहिवाशावर काही वृत्तपत्रांनी रोख धरला होता. चौकशीच्या पहिल्या अहवालाने त्याच्याकडे कोणताही दोष जात नसल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवले.

धोक्याची कल्पना अगोदर कोणालाच नव्हती, असे म्हणता येत नाही. रहिवाशांच्या ग्रेनफेल अ‍ॅक्शन ग्रुप या गटाने नोव्हेंबर २०१६ मध्येच लिहून ठेवले होते की, मोठी जीवितहानी झाल्याशिवाय व्यवस्थापनाचा निष्काळजीपणा उघडा पडणार नाही. त्याआधी जुलै २००९ मध्ये दक्षिण लंडनमधील लाकानल हाउस या इमारतीच्या आगीत ६ जण दगावले होते आणि २०१३ साली मृत्यूसमीक्षकांनी अग्निसुरक्षेच्या मार्गदर्शिकेचे पुनरावलोकन करण्याची शिफारस सरकारला केली होती. ग्रेनफेल जळाले तेव्हा ते पुनरावलोकन झालेले नव्हते.

पहिले दिवस

आगीनंतरच्या पहिल्या दिवसांत मदतीचा भार प्रामुख्याने परिसरातील मशिदी, चर्च, सामाजिक केंद्रे आणि शेजारी यांनी वाहिला. कपडे, अन्न आणि अंथरुणे यांचे ढीग जमले. परंतु आपले नातेवाईक कोणत्या रुग्णालयात आहेत किंवा आज रात्री कोठे झोपायचे, हे सांगणारा कौन्सिलचा अधिकारी अनेकांना भेटला नाही. पंतप्रधान थेरेसा मे यांनी दुसऱ्या दिवशी घटनास्थळी अग्निशमन दलाच्या जवानांची भेट घेतली, पण रहिवाशांना न भेटताच त्या परतल्या. त्यांच्यावर कडाडून टीका झाली. १६ जून रोजी संतप्त निदर्शक केन्सिंग्टनच्या नगरभवनात घुसले. सुरुवातीच्या दिवसांत कुटुंबांना मिळालेले साहाय्य अपुरे होते, अशी कबुली देऊन मे यांनी २१ जून रोजी संसदेत क्षमा मागितली. त्याच सुमारास कौन्सिलचे मुख्य कार्यकारी अधिकारी पदावरून दूर झाले आणि ३० जून रोजी कौन्सिलचे नेते निकोलस पॅजेट-ब्राउन यांनी राजीनामा जाहीर केला.

मृतांची मोजदाद

मृतांचा निश्चित आकडा ठरण्यास अनेक महिने लागले. पोलिसांचा सुरुवातीचा अंदाज सुमारे ८० जणांचा होता. त्या रात्री इमारतीत नेमके कोण होते, याची विश्वासार्ह यादी कोणाकडेच नव्हती. काही जण पाहुणे होते, काही पोटभाडेकरू. प्रत्यक्ष संख्या दडवली जात असल्याच्या अफवा परिसरात दीर्घकाळ फिरत राहिल्या. अधिकृत वास्तव्य परवाना नसलेले लोक पुढे यावेत म्हणून सरकारने जुलै २०१७ मध्ये अशा रहिवाशांना वर्षभराची मुदत दिली व पुढे कायम वास्तव्याचा मार्गही खुला केला. याउलट काही भामट्यांनी आपण आगीतून वाचलो अशी बतावणी करून मदतनिधी लाटला. त्यांच्यावर खटले चालून शिक्षा झाल्या.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पोलिसांनी ७१ मृत्यू निश्चित केले. त्यांत आईच्या पोटातच दगावलेल्या एका बाळाचा समावेश होता. जानेवारी २०१८ मध्ये आगीतून वाचवलेल्या एका वृद्धेचे निधन झाले आणि ही संख्या ७२ झाली.

पुनर्वसन

तीन आठवड्यांत प्रत्येक कुटुंबाला किमान तात्पुरते घर देऊ, असे आश्वासन सरकारने दिले होते. केन्सिंग्टनमधील एका नव्या महागड्या संकुलातील ६८ सदनिका त्यासाठी घेण्यात आल्या. टॉवर आणि त्याला लागून असलेली वस्ती मिळून दोनशेहून थोड्या अधिक कुटुंबांना नवे घर हवे होते. वर्ष उलटले तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक कुटुंबे कायमच्या घराच्या प्रतीक्षेतच होती आणि काहींचा संसार हॉटेलच्या खोलीत चालला होता. घरे नाकारणाऱ्यांविषयी मधूनमधून नाराजीचा सूर उमटे. तथापि उंच मजल्यावर पुन्हा राहण्याची भीती, मुलांची शाळा आणि शेजार सोडावा लागणे ही नकारामागील कारणे पाहता तो सूर अन्यायकारक होता.

सार्वजनिक चौकशी

आगीच्या दुसऱ्याच दिवशी सार्वजनिक चौकशीची घोषणा झाली आणि निवृत्त न्यायमूर्ती सर मार्टिन मूर-बिक यांची अध्यक्षपदी नियुक्ती करण्यात आली. काम १४ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. पहिल्या टप्प्यातील सुनावणीचा आरंभ मे २०१८ मध्ये मृतांच्या स्मरणाने झाला. प्रत्येक मृताविषयी बोलण्याची संधी कुटुंबीयांना देण्यात आली आणि काहींनी छायाचित्रे व ध्वनिफिती सादर केल्या. चौकशीच्या रूक्ष कार्यपद्धतीत ही गोष्ट नवी होती. पुढची अनेक वर्षे ज्या कागदपत्रांचा कीस काढला गेला, त्यांच्यामागची माणसे अशा रीतीने आधीच नोंदीत आली.

पहिला अहवाल ३० ऑक्टोबर २०१९ रोजी प्रसिद्ध झाला. आग पसरण्याचे प्रमुख कारण बाहेरील आच्छादन होते व ते इमारत नियमांची पूर्तता करत नव्हते, असा त्याचा निष्कर्ष होता. जवानांच्या धैर्याची दखल घेतानाच, अशा आगीसाठी लंडन अग्निशमन दलाची तयारी नव्हती आणि घरात थांबण्याची सूचना फार पूर्वी मागे घ्यायला हवी होती, असे त्यात म्हटले होते. दलाच्या आयुक्त डॅनी कॉटन त्या वर्षाअखेर पदावरून पायउतार झाल्या. दल तेवढे आधी आरोपीच्या पिंजऱ्यात आणि आच्छादन बनवणारे व बसवणारे नंतर, या क्रमावरही आक्षेप घेतला गेला.

दुसऱ्या टप्प्याची सुनावणी जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. वास्तुविशारद, कंत्राटदार, उपकंत्राटदार, उत्पादक आणि इमारत निरीक्षक यांपैकी प्रत्येकाने जबाबदारी दुसऱ्याकडे ढकलली. चौकशीचे प्रमुख वकील रिचर्ड मिलेट यांनी या टोलवाटोलवीवर आरंभीच कठोर शब्दांत बोट ठेवले होते. आपली तोंडी साक्ष पुढे आपल्याच विरुद्धच्या खटल्यात वापरली जाणार नाही, अशी हमी साक्षीदारांना देण्यात आली. त्यामुळे ते मोकळेपणाने बोलतील, हा हेतू होता. मृतांच्या कुटुंबीयांपैकी अनेकांना मात्र ती हमी झोंबली.

अंतिम अहवाल ४ सप्टेंबर २०२४ रोजी आला. सात खंड आणि सुमारे १,७०० पृष्ठांच्या या अहवालाने सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते असे सांगितले आणि त्यांचे मूळ अनेक दशकांच्या शासकीय व औद्योगिक अपयशात असल्याचे दाखवले. पॉलिएथिलीनचा गाभा असलेल्या पत्र्यांची २००१ साली मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली होती व ते भयंकर वेगाने जळाले होते. तो निकाल गोपनीय राहिला आणि नियम कडक झाले नाहीत. पत्र्यांची उत्पादक अर्कोनिक आणि उष्णतारोधक साहित्याच्या उत्पादक सेलोटेक्स व किंगस्पॅन या कंपन्यांनी चाचण्या व त्यांची माहिती यांबाबत बाजाराची पद्धतशीर दिशाभूल केली, असाही निष्कर्ष अहवालात आहे. आपण असुरक्षित माल विकला, हा आरोप अर्कोनिकने फेटाळला. पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी संसदेत सरकारच्या वतीने क्षमा मागितली. अहवालात ५८ शिफारशी होत्या. बांधकाम क्षेत्रासाठी एकच नियामक असावा, ही त्यांतील महत्त्वाची शिफारस होय. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने अहवालाचे निष्कर्ष मान्य केले आणि बहुतेक शिफारशी पूर्णतः, तर काही तत्त्वतः स्वीकारल्या.

कायदे आणि इतर इमारतींवरील परिणाम

डेम ज्युडिथ हॅकिट यांच्या मे २०१८ मधील स्वतंत्र अहवालाने इमारत नियमनाची संपूर्ण व्यवस्थाच सदोष ठरवली. डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील पदार्थ वापरण्यास बंदी आली. २०२१ चा अग्निसुरक्षा कायदा आणि त्यानंतर २८ एप्रिल २०२२ रोजी संमत झालेला इमारत सुरक्षा कायदा हे पुढचे टप्पे होत. नव्या उंच निवासी इमारतींना दुसरा जिना सक्तीचा करण्याचा निर्णयही झाला. त्याची अंमलबजावणी ३० सप्टेंबर २०२६ पासून ठरवण्यात आली.

अस्तित्वात असलेल्या इमारतींचा प्रश्न अधिक बिकट निघाला. तपासण्या सुरू होताच देशभर ज्वलनशील आच्छादनाच्या हजारो इमारती आढळल्या. इंग्लंडमधील सदनिकाधारक बहुधा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टाधारक असतो आणि इमारतीची मालकी वेगळ्या व्यक्तीकडे वा कंपनीकडे असते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाला ही रचना अपरिचित वाटेल. परिणाम असा की, निर्णय ज्यांच्या हाती नव्हते, त्यांच्याच माथी दुरुस्तीचा खर्च आला. बँका कर्ज देईनात, अनेक सदनिकांचे मूल्यांकन शून्य झाले आणि रात्रभर मजल्यामजल्यांवर गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्यांचा खर्चही रहिवाशांकडून वसूल होऊ लागला. २०२२ च्या कायद्याने पात्र भाडेपट्टाधारकांना बऱ्याच अंशी संरक्षण दिले. तरीही ११ मीटरहून उंच अशा ९,००० ते १२,००० इमारतींना दुरुस्तीची गरज असल्याचा अंदाज राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडला. त्यांतील निम्म्याहून अधिक इमारती तेव्हा शोधलेल्यादेखील नव्हत्या.

अपंग रहिवाशांची बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. ग्रेनफेलमधील ३७ अपंग रहिवाशांपैकी १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्यासाठी वैयक्तिक सुटकेचा आराखडा असावा, ही पहिल्याच अहवालातील शिफारस. २०२२ साली तत्कालीन सरकारने ती अव्यवहार्य ठरवून बाजूला ठेवली आणि या विषयीचे नियम प्रत्यक्षात येण्यास २०२५ साल उजाडले.

नुकसानभरपाई आणि फौजदारी तपास

एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ९०० जणांच्या दिवाणी दाव्यांत १५ कोटी पौंडांची तडजोड झाली. फौजदारी तपास लंडनच्या महानगर पोलिसांकडे आहे. मनुष्यवधासारखे गुन्हे तपासाच्या कक्षेत असले, तरी चौकशीचा अंतिम अहवाल अभ्यासल्यावरच पुरावे अभियोक्त्यांकडे जातील आणि आरोप ठेवण्याविषयीचा निर्णय २०२६ च्या अखेरीपूर्वी होणार नाही, असे पोलिसांनी मे २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे आगीच्या वेळी प्राथमिक शाळेत प्रवेश घेणारे मूल पहिला खटला उभा राहीपर्यंत शाळेच्या शेवटच्या इयत्तांत पोहोचलेले असेल. चौकशी आधी व न्यायालय नंतर, या क्रमाला कुटुंबीयांच्या संघटनांनी सातत्याने विरोध केला आहे.

स्मारक आणि इमारत उतरवणे

आगीनंतर दर महिन्याच्या १४ तारखेला परिसरातून मूक पदयात्रा निघू लागली. हिरवे हृदय हे स्मरणाचे चिन्ह बनले आणि जळालेल्या इमारतीभोवती लावलेल्या आवरणाच्या माथ्यावरही ते झळकले. स्मारकाचा निर्णय कौन्सिलवर न सोपवता शोकग्रस्त कुटुंबे, वाचलेले रहिवासी व शेजारी यांच्या प्रतिनिधींच्या आयोगाकडे देण्यात आला. त्याचा अहवाल नोव्हेंबर २०२३ मध्ये आला.

७ फेब्रुवारी २०२५ रोजी उपपंतप्रधान अँजेला रेनर यांनी इमारत जमिनीपर्यंत उतरवण्याचा निर्णय घोषित केला. या निर्णयावर कुटुंबांत एकमत नव्हते. रोज खिडकीतून तो सांगाडा पाहणे काहींना असह्य झाले होते. खटले उभे राहण्याआधी तो नजरेआड झाला तर प्रकरणही विसरले जाईल, अशी इतरांना धास्ती होती. इमारत उतरवण्याचे काम सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. एकेक मजला वरून खाली काळजीपूर्वक काढण्याची ही पद्धत असून त्यास सुमारे दोन वर्षे लागतील, असे सांगण्यात आले. इमारतीचे काही भाग स्मारकासाठी जतन करण्याची तरतूद त्या योजनेत आहे.