सातबारा: आपल्या गावचा जुना डेटाबेस

या एपिसोडचा विषय डेटाबेस सर्व्हर. पण सुरुवात तलाठ्याच्या दप्तरापासून करूया.

१९७० साल लक्षात ठेवा. त्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचं काम सुरू झालं. त्याच जूनमध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध छापून आला. सार एवढंच: माहिती टेबलांत मांडा; ती मशीनमध्ये कुठे पडलीय, याची चिंता वापरणाऱ्याला नको. मी राहतो नावड्यात आणि पोटापाण्यासाठी पोस्टग्रेस सर्व्हर सांभाळतो. म्हणून ही दोन्ही टोकं मला जवळची.

आता सातबारा बघा. गाव नमुना ७ म्हणजे जमीन कोणाची, १२ म्हणजे पीक कोणतं. गाव आणि गट नंबर मिळून झाली प्रायमरी की. तीच माहिती खातेदारानुसार हवी? मग ८अ.

खरी गंमत बदलात आहे. तलाठी थेट सातबाऱ्यावर नाव चढवत नाही. आधी नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद. मग नोटीस, हरकतीला १५ दिवस, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नाव लागतं. पोस्टग्रेसही बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये लिहितो. मध्येच वीज गेली, तर कमिट झालेलं त्या लॉगवरून परत उभं राहतं. अर्धवट राहिलेलं धरलं जात नाही.

परवानग्यांचंही तसंच. नोंद घेणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. नवा पोस्टग्रेस इन्स्टॉल केला की तो बाय डिफॉल्ट स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. बाहेरचं दार आपण उघडायचं, तेही ठरवून: कोणता युजर, कोणता डेटाबेस, कुठल्या आयपीवरून. ॲपच्या हाती सुपरयुजर देणं म्हणजे शिक्क्यासकट दप्तर चावडीवर सोडून येणं.

एक फरक मात्र मोठा. सातबाऱ्यावर जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितात. पोस्टग्रेसमध्येही अपडेटनंतर जुनी ओळ लगेच जात नाही, पण व्हॅक्यूम आला की साफ. इतिहास हवा असेल तर ऑडिट टेबल आपणच ठेवायचं.

हे एवढं का महत्त्वाचं? जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. पण भूखंड मागायला जाणाऱ्याला पहिला प्रश्न कागदाचाच: जमीन कोणाच्या नावावर होती, वारस कोण? वारस नोंदीत एखाद्या बहिणीचं नाव राहिलं असेल, तर तिचा हक्क तिथेच अडला. सर्व्हर कितीही नीट कॉन्फिगर करा, जी ओळ भरलीच नाही ती कुठलाही बॅकअप परत देणार नाही.

म्हणून आज एक काम करा. महाभूलेखवर घरचा सातबारा उघडा, नावं वाचा, फेरफार क्रमांक बघा. लिहिताना झालेली चूक दिसली, तर महसूल संहितेचं कलम १५५ दुरुस्तीसाठीच आहे. आणि वाचताना आईला, आत्याला शेजारी बसवा.