वेटिंग : आकुर्डी ते चाकण

आमच्या आजऱ्यात कुणी इलेक्ट्रिक कार बुक केली की पहिला प्रश्न येतो, "मिळणार कधी?" हाच प्रश्न मागच्या पिढीने चेतकसाठी विचारलाय.

बजाजची चेतक १९७२ साली आली. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षं मोजायची, कधी कधी तर दहा! स्कूटर बनायची आकुर्डीत, पण किती बनवायच्या याची मर्यादा दिल्लीच्या परवान्यात. मागणी आहे, कामगार आहेत, तरी रांग वाढतेच. ज्याचा नंबर लागला त्याला गाडीवर वरचे पैसे देणारेही भेटायचे.

आता चाकण बघा. महिंद्राच्या तिथल्या नव्या इलेक्ट्रिक प्लांटमधल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ईचं बुकिंग १४ फेब्रुवारी २०२५ ला उघडलं. पहिल्याच दिवशी ३०,१७९ नोंदी! डिलिव्हरी मार्चपासून, पण आधी सगळ्यात महागड्या मॉडेलची. स्वस्तवाल्यांना थेट ऑगस्ट सांगितला. म्हणजे रांगेतही श्रीमंत पुढे, हे काही बदललं नाही.

बदललं ते कारण. नवा कारखाना पहिल्या दिवशी पूर्ण वेगाने चालत नाही, लाइन हळूहळू वाढवावी लागते. ही रांग संपणारी असते. आणि कंटाळा आलाच तर आजरेकर बुकिंग रद्द करून कोल्हापुरात दुसऱ्या कंपनीची गाडी बघतो.

चेतकचा नंबर सोडला असता, तर त्याच्या बापाकडे उरली असती आजरा डेपोची एसटी.