बिरोबाच्या बनाची वाट

इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, तह आणि ताम्रपट उभे राहतात. आपल्याच शिरोळ तालुक्यात खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख आहे. दगडावर लिहिणाऱ्यांचा इतिहास असा हाती लागतो. पण ज्यांनी दगडाचा उपयोग चूल मांडण्यापुरता केला, त्यांचा इतिहास कोठे शोधावा?

मिरजेच्या पूर्वेस, कवठे महांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाचे बन आहे. एका चैत्रात आम्ही त्या बाजूच्या माळावरून बनापर्यंत पायीच गेलो. वाट थोडीच, पण ऊन असे की चार नद्यांच्या काठी वाढलेल्या आम्हांला पाण्याची किंमत कळली. वाटेत तीन काळवंडलेले दगड दिसले आणि भोवती लेंड्यांचा थर. धनगरांचा वाडा येथे उतरून गेला होता. वाडा म्हणजे चिरेबंदी वास्तू नव्हे. वाघरीत कोंडलेली मेंढरे आणि घोड्यावर लादता येईल एवढे बिऱ्हाड!

हे लोक आपल्याला परके नाहीत. पावसाळा माळावर काढून ते नदीकाठी उतरतात. शेतकरी रानात मेंढरे बसवतो, खत मिळवतो आणि मोबदल्यात धान्य वा पैसे देतो. ज्या मायाक्काच्या यात्रेला आपल्याकडील गाड्या चिंचलीस जातात, ती परंपरेने बिरोबाचीच बहीण. म्हणजे नदी आणि माळ यांचे नाते देवांनीही मान्य केले आहे.

या समाजाचे दप्तर म्हणजे त्याच्या ओव्या. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितांनी धनगरांत हिंडून त्या टिपल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवर ग्रंथ लिहिला. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली विठ्ठलाच्या मुळाचा शोध घेताना गवळी-धनगरांच्याच परंपरेकडे बोट दाखविले. महाराष्ट्राच्या आराध्यदैवताचा माग अशा रीतीने मेंढरांच्या वाटेने लागतो.

आता म्हैसाळला उचललेले कृष्णेचे पाणी त्या दुष्काळी भागात पोहोचले आहे. ते पोहोचलेच पाहिजे. तहानलेल्या गावांचा तो हक्क आहे. परंतु माळ लागवडीखाली आला की चराई आटते आणि वाटेवर कुंपण पडते. शिलालेख कुंपणाआडही टिकतो. ओवी मात्र चालणाऱ्याबरोबरच जगते. म्हणून पुढच्या वेळी रानात मेंढरे बसली, तर मोबदला देऊन लगेच परतू नये. घटकाभर बसून ऐकावे. आपल्या इतिहासाचे एक पान तेथे अजून उघडे आहे.