तेलाचा थेंब बारीक होत गेला

वसईच्या किल्ल्याला खेटून असलेल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात बांगडा, तारली, मुशी ही रोजची नावं. यांतल्या मुशीचं काळीज तेलानं गच्च भरलेलं असतं. ते कढवून निघालेलं तेल पश्चिम किनाऱ्यावर लाकडी होड्यांना चोपडत. 1940 मध्ये जर्मनीनं नॉर्वे घेतला, कॉड माशाच्या तेलाच्या बाटल्या यायच्या थांबल्या आणि मद्रास, मुंबई प्रांतांच्या सरकारांनी मुशीचंच तेल ‘अ’ जीवनसत्त्वासाठी काढायला घेतलं. होडीचं तेल असं चमच्यात आलं.

औषध म्हणून माशाच्या तेलाचं कूळ याहून जुनं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या इस्पितळात संधिवाताच्या रोग्यांना कॉडचं तेल पाजत. 1841 मध्ये एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेटनं त्यावर पुस्तकच लिहिलं. गुण येण्याचं कारण मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. 1970 नंतर बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात ईपीए हे ओमेगा-3 मेदाम्ल भरपूर सापडलं. दाह भडकवणारी प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन ही रसायनं शरीर दुसऱ्या एका मेदाम्लापासून बनवतं. पेशींच्या आवरणात त्याची जागा ईपीएनं घेतली की त्या रसायनांचा जोर ओसरतो. बांगड्यात आणि तारलीत हे मेदाम्ल असतं.

पण तेल पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नाही. आतड्यात सगळा पाण्याचा कारभार. तेल पचवणारं लायपेज हे विकर थेंबाच्या पृष्ठभागावरच काम करू शकतं. एक मिलिलिटर तेलाचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम 5 चौरस सेंटिमीटर. त्याच तेलाचे 100 नॅनोमीटरचे थेंब केले तर तो 60 चौरस मीटर होतो, मुंबईतल्या बऱ्यापैकी फ्लॅटएवढा. पुढचं सगळं तंत्र या एका हिशेबावर उभं आहे.

मला या कुळकथेत सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की थेंब बारीक करायची सुरुवात पचनासाठी झालीच नाही. ती झाली चवीसाठी. 1876 मध्ये न्यूयॉर्कच्या स्कॉट आणि बाउन यांनी ते उग्र तेल पाण्यात घोटून पांढरं, दुधाळ ‘स्कॉट्स इमल्शन’ केलं, पोरांनी तोंड वाकडं न करता प्यावं म्हणून. पाठीवर भलामोठा मासा घेतलेला कोळी असलेली ती बाटली आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या फडताळात असे. थेंब बारीक झाल्यानं पचनही सोपं झालं, हा वरचा लाभ.

पुढची पायरी 1943 ची. होर आणि शुलमन यांनी तेल-पाण्याचं इतकं बारीक मिश्रण केलं की ते पारदर्शक दिसलं. 1990 च्या दशकाच्या मध्यावर सँडोझ कंपनीनं पाण्यात न विरघळणारं सायक्लोस्पोरिन हे औषध याच वाटेनं कॅप्सूलमध्ये घातलं. आपल्या पश्चिम रेल्वेच्याच वाटेवर, सांताक्रूझ-कलिन्याच्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीत, अभिजित दाते आणि मंगल नागरसेनकर यांनी 2007 मध्ये सेफपोडॉक्झिम या प्रतिजैविकासाठी असं मिश्रण तयार केल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेल आणि तेल-पाणी जुळवणारी द्रव्यं यांचं हे मिश्रण. त्यात पाणी नसतंच. ते आतड्यात मिळतं आणि तिथेच बारीक थेंब आपोआप होतात. असं मिश्रण कोमट पाण्याच्या पेल्यात सोडून हलकेच ढवळलं की तेलाचा तवंग दिसत नाही, पाण्यावर फक्त निळसर झाक येते.

माशाच्या तेलाला याची गरज का पडली? शुद्ध करताना ओमेगा-3 ला बऱ्याचदा इथाइल एस्टरचं रूप देतात. लॉसन आणि ह्यूज यांनी 1988 मध्ये दाखवलं, की कमी स्निग्ध जेवणाबरोबर अशा रूपातलं ईपीए सुमारे 20 टक्केच शोषलं जातं, भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर 60 टक्के. आपोआप बारीक थेंब करणाऱ्या कॅप्सूलनं जेवण कमी स्निग्ध असतानाही रक्तातलं ओमेगा-3 जास्त वाढतं, हे माणसांवरच्या चाचण्यांत दिसलं आहे. रक्तातलं प्रमाण वाढणं आणि गुडघ्याची सूज उतरणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातवाले त्या एकत्र करतात, तेव्हा ग्राहकानं सावध राहावं.

शिवाय ज्या पृष्ठभागावर लायपेज बसतं, त्याच पृष्ठभागावर प्राणवायूही बसतो. थेंब बारीक केले की तेल खवट व्हायलाही जागा वाढते. म्हणून अशा मिश्रणांत टोकोफेरॉल, म्हणजे ‘ई’ जीवनसत्त्व घालतात, बाटल्या गडद काचेच्या ठेवतात, आणि तयार करताना हवा लागू नये म्हणून नायट्रोजन सोडतात.